जर्मन मित्रांमध्ये गेम्यूटलिशकाइट जमवायची कशी

जर्मनीत नवीन आलेल्या आपल्या लोकांची एक तक्रार ठरलेली असते. ऑफिसात सगळे छान बोलतात, कँटीनमध्ये सोबत जेवतात, पण पाच वाजले की जो तो आपापल्या घरी आणि मग सोमवारपर्यंत कोणाचा पत्ता नाही. मग माणूस ठरवून टाकतो की ही मंडळी थंडच, ह्यांच्याशी मैत्री होणं कठीण. मला हे अजिबात पटत नाही. चार मित्र एका टेबलाभोवती जमून तासन्‌तास बसतात, ऊब, निवांतपणा आणि आपण आपल्या माणसांत आहोत ही भावना, ह्या सगळ्याला मिळून इथे गेम्यूटलिशकाइट म्हणतात आणि ही गोष्ट हे लोक जिवापाड जपतात. फक्त त्यात शिरायचं कसं हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. मी ओल्डेनबुर्गला राहते, म्हणजे पार वर उत्तर-पश्चिमेला, त्यामुळे उदाहरणं इकडची जास्त येतील, मध्ये थोडं दक्षिणेकडच्या बव्हेरिया राज्याचंही येईल.

सगळ्यात आधी तारीख. ऐकायला कोरडं वाटेल पण सगळं इथूनच सुरू होतं. "ये की कधीतरी घरी", "भेटू एकदा निवांत" असं आपण म्हणतो आणि आपल्याकडे ते चालतं, कारण कोणीतरी खरंच रविवारी संध्याकाळी येऊन बेल वाजवतं. इथे असं म्हणालात तर समोरचा हसून "हो हो नक्की" म्हणेल आणि विषय तिथेच संपेल, त्याच्या कॅलेंडरमध्ये काही लिहिलंच गेलं नाही ना. त्यापेक्षा सरळ विचारा, "२२ तारखेला दुपारी चार वाजता चहाला येता का?" आणि हे दोन-तीन आठवडे आधी विचारा. सहा-सात जणांना एकत्र आणायचं असेल तर महिनाभर आधी ग्रुपवर तीन-चार तारखा टाका, ज्याला जी जमेल तिच्यावर टिक करू दे.

आपल्या लोकांना हे खटकतं, मैत्रीत कसली आलीय अपॉइंटमेंट असं वाटतं. पण जरा त्यांच्या बाजूने बघा. एकदा ती संध्याकाळ राखून ठेवली की त्या दिवशी तो माणूस दुसरं काही ठेवतच नाही, जिम नाही, मुलांचा क्लास नाही, खरेदी नाही (रविवारी दुकानं तशीही बंद असतात), आणि मग चारला आलेला माणूस रात्री नऊपर्यंत घड्याळाकडे बघत नाही. ठरवाठरवी सगळी आधीच उरकून घेतात ती त्या पाच तासांत कसलीच घाई राहू नये म्हणून. हे एकदा लक्षात आलं ना की बाकीचं बरंच सोपं होतं. आणि हो, चार म्हणजे चार. दहा मिनिटं उशीर होणार असेल तरी मेसेज करा, आणि यायला जमणार नसेल तर शक्य तितक्या लवकर कळवा, ऐन वेळी "सॉरी यार" चालत नाही कारण समोरच्याने तुमच्यासाठी आख्खी दुपार मोकळी ठेवलेली असते.

घरी बोलवायला अजून जीभ रेटत नसेल तर बाहेरून सुरुवात करा. गावोगावच्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खाणावळीत, किंवा कोपऱ्यावरच्या क्नाइपेमध्ये, म्हणजे साध्या पबमध्ये, एखाद्या टेबलावर श्टामटिश अशी पाटी दिसेल. ते टेबल ठरलेल्या मंडळींचं, आठवड्याच्या किंवा महिन्याच्या ठरलेल्या दिवशी तीच माणसं तिथे येऊन बसतात, कित्येक ठिकाणी तर वडिलांच्या जागी आता मुलगा बसतो. रिकामं दिसलं तरी न विचारता तिथे टेकू नका. पण कोणी तुम्हाला त्या टेबलावर बोलावलं तर जा, नक्की जा. दहा-बारा जण बसलेले असतील तर प्रत्येकाशी हात मिळवत फिरायची गरज नाही, टेबलावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायचं, ते सगळ्यांना नमस्कार घातल्यासारखं होतं. निघतानाही तसंच. पहिल्यांदा केलं तेव्हा सगळं टेबल उलट टकटक करून हसलं होतं आणि मला एकदम बरं वाटलं.

तुमचा स्वतःचा श्टामटिशही सुरू करता येतो. एक जागा पकडा, महिन्याचा पहिला गुरुवार वगैरे काहीतरी कायमचं ठरवा, मालकाला सांगून ठेवा, आणि मग पाऊस असो, थंडी असो, तीनच जण येणार असोत, तरी जायचं. इथे बरेच जण चुकतात, दोन वेळा कमी लोक आले की बंदच करून टाकतात. अहो तिसऱ्या-चौथ्या वेळी तर कुठे लोकांना खात्री पटते की हे टिकणारंय आणि मग ते आपले गुरुवार मोकळे ठेवायला लागतात.

दुसरा दरवाजा म्हणजे फेराइन, आपल्या भाषेत मंडळ. जर्मनीत नोंदणी केलेली सहा लाखांहून जास्त मंडळं आहेत, सात सभासद जमले की नवीन नोंदवता येतं, त्यामुळे गाण्यापासून नेमबाजीपर्यंत, बागकामापासून बुद्धिबळापर्यंत सगळ्याचं मंडळ सापडतं, लहान गावात स्वयंसेवकांचं अग्निशमन दलसुद्धा असतं. भाषा मोडकीतोडकी असली तरी चालते कारण हाताला काहीतरी काम असतं. पण खरी गोष्ट पुढेच आहे. बॅडमिंटन संपलं, कॉयरची प्रॅक्टिस संपली की हे लोक अर्धा-एक तास कुठेतरी बसतात, त्याला जा. आपले लोक खेळून झालं की बॅग उचलून घरी पळतात आणि मग वर्षभर जाऊनही ओळख काही होत नाही म्हणतात. ओळख तर त्या बसण्यातच होते ना.

आता घरचं. ह्यावर जरा जास्त लिहिते कारण आपण पाहुणचारात कमी पडत नाही उलट जास्तच करतो आणि तिथेच गाडी अडते. पाहुणा विचारतो, "व्हास झोल इश मिटब्रिंगेन?", काय आणू? आपण म्हणतो काही नको हो, तुम्ही फक्त या. असं नका म्हणू. त्याला खरंच काहीतरी आणायचं असतं, कारण त्या टेबलावर आपलाही थोडा हात लागला की तो पाहुणा राहत नाही, मंडळींमधला होतो. म्हणून नीट सांगा, तू केक आण, तू सॅलड आण, तू खुर्च्या घेऊन लवकर ये. आणि स्वतः सतरा पदार्थ करत बसू नका. पुऱ्या तळत यजमानीण दीड तास किचनमध्ये आणि बाहेर पाहुणे एकमेकांकडे बघत बसलेत असं झालं की सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं, ते मनात म्हणतात ही आपल्यासाठी किती राबतेय. तुम्ही टेबलाशी बसलेलं असणं हे जेवणापेक्षा मोठं आहे.

त्यासाठी इथलीच एक युक्ती वापरा, राकलेट. मूळ पदार्थ स्वित्झर्लंडचा पण जर्मनीत ३१ डिसेंबरला घरोघरी हेच असतं. टेबलाच्या मधोमध विजेवरचं ग्रिल ठेवायचं, प्रत्येकाला एक छोटं चपटं पॅन, बाजूला उकडलेले बटाटे, मशरूम, ढबू मिरची, मका, कांदा, काकड्यांचं लोणचं, आणि राकलेट चीजचे काप. ज्याने त्याने आपल्या पॅनमध्ये हवं ते भरायचं, वर चीज घालायचं, पॅन ग्रिलखाली सरकवायचं आणि चीज वितळून कडेला बुडबुडे यायला लागले की बटाट्यावर ओतायचं. एका पॅनला पाच-सात मिनिटं लागतात, म्हणून कोणीच भराभर जेवू शकत नाही, दोन-तीन तास सहज जातात, गप्पा आपोआप होतात. व्हेज-नॉनव्हेजचा प्रश्नही सुटतो, फक्त खाली पॅन आणि वर ग्रिलच्या तव्यावर सॉसेज अशी भानगड चालणार नसेल तर आधीच सांगून टाका, कोणाला राग येत नाही. आपल्या बाजूने पुदिन्याची चटणी ठेवा, बटाटा-चीजबरोबर इतकी जाते की पुढच्या वेळी तेच मागतात.

आणि एवढाही घाट घालायचा नसेल तर नुसतं आबेंडब्रोट म्हणजे संध्याकाळचं पावाचं थंड जेवण ठेवा, चांगला ताजा पाव, दोन-तीन चीज, लोणी, टोमॅटो, मुळा, लाकडी पाटावर सगळं मांडायचं, झालं. गरम काही नाही म्हणून अपमान वाटून घेणारं इथे कोणी नाही.

चहाबद्दल मात्र सांगायलाच हवं. आमच्या ओल्डेनबुर्गच्या पलीकडे ओस्टफ्रीसलांड आहे, समुद्राला लागून, आणि तिथली माणसं वर्षाला माणशी ३०० लिटरच्या आसपास चहा पितात. कॉफीच्या देशात हा एवढासा कोपरा चहाचा, आणि चहा कुठला तर त्यांच्या मिश्रणात मुख्य असतो आसामचा. २०१६ मध्ये ह्या चहापानाची जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. मला विचाराल तर गेम्यूटलिशकाइट शिकायला ह्याहून चांगली शाळा नाही. करायचं असं. किटली गरम पाण्याने विसळून घ्या, पत्ती घालून उकळतं पाणी ओता, तीन-चार मिनिटं मुरू द्या आणि किटली श्टोफ्शनवर ठेवा, म्हणजे खाली छोटी मेणबत्ती लावायचं स्टँड असतं ते, त्याने चहा तासभर गरम राहतो आणि कोणाला उठून गॅसपाशी जावं लागत नाही. कप अगदी पातळ आणि छोटे घ्या. प्रत्येक कपात आधी खडीसाखरेचा एक मोठा खडा, त्याला क्लुंट्ये म्हणतात. त्यावर कडक गरम चहा ओता आणि कान द्या, खडा तडतडतो, बारीक चिरा जातात त्याला, आणि ह्या वेळी टेबलावर सगळे गप्प होतात. मग छोट्या चमच्याने साय कपाच्या कडेने अलगद सोडायची, घड्याळाच्या उलट दिशेने, वेळ थांबावा म्हणून असं म्हणतात. साय आधी खाली जाते आणि मग ढगासारखी वर फुलते. आता महत्त्वाचं, ढवळायचं नाही. पहिल्या घोटाला साय, मग कडक चहा, शेवटी गोड. तीन कप तरी घ्यायचेच, एक कप पिऊन उठणं बरं दिसत नाही. पुरे झालं की चमचा कपात ठेवा, तोपर्यंत यजमान ओततच राहणार. हे माहीत नसलं की माणूस "नको नको" म्हणत राहतो आणि कप भरतच राहतो.

खोलीचं म्हणाल तर मोठा दिवा बंद करा. वरची पांढरी ट्यूब लावून बसलात तर दवाखान्यात बसल्यासारखं होतं, दोन कोपऱ्यांत दोन टेबललॅम्प आणि टेबलावर मेणबत्त्या एवढं बास. मेणबत्त्या डेकोरेशन म्हणून आणायला पळू नका, घरात असतील त्या लावा. चपला-बूट दाराशी काढायचे हे आपल्याला वेगळं सांगायला नको, पण थंडीत पाहुण्यांना घालायला जाड मोजे किंवा घरातल्या सपाता ठेवल्यात तर फार छान वाटतं लोकांना. टीव्ही बंद. फोन टेबलावर नको. आणि अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर साधारण रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते, रविवारी तर दिवसभर, त्यामुळे वाढदिवस वगैरे असेल तर दोन दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावा आणि शेजाऱ्यांनाही बोलवा. अशाने एक-दोन शेजारी खरंच येतात.

गप्पा अडल्या तर खेळ काढा. श्पीलेआबेंड म्हणजे खेळांची संध्याकाळ हा इथे तरुणांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांचा कार्यक्रम, वर्षातला सर्वोत्तम खेळ निवडायचा पुरस्कार १९७९ पासून दिला जातो, कटान हा आता जगभर गेलेला खेळ १९९५ मध्ये जर्मनीतच आला. जर्मन फारसं येत नसेल तर मेन्श एर्गेरे डिश निश्ट हा खेळ मागा, जवळजवळ प्रत्येक घरात असतो. १९१४ पासून त्याचे डबे मोठ्या प्रमाणात विकले जातायत आणि मूळ आहे आपला पचिसी, सोंगट्या मारायच्या, घरी न्यायच्या, नियम शिकायलाच नकोत. आणि हे सांगितलं की खेळाचं मूळ भारतात आहे, की पुढचा अर्धा तास विषयाची चिंता नाही.

बोलण्याबद्दल दोन गोष्टी. पगार किती, लग्न का नाही केलं, मूल कधी, हे पहिल्या भेटीत नको. पण राजकारण, पर्यावरण, युरोपचं काय होणार, ह्यावर मोकळेपणाने वाद घालतात आणि वाद झाला म्हणजे भांडण झालं असं नसतं, दहा मिनिटांनी तोच माणूस तुम्हाला पाव कापून देतो. मध्येच शांतता पडली तर घाबरून भरायला जाऊ नका, ती चालते. समोरचा वयाने मोठा असेल तर "डू" (तू) म्हणायचं की "झी" (तुम्ही) हे त्याला ठरवू द्या, तो एक दिवस स्वतःहून "डू" म्हणायला सांगेल, तो छोटा सोहळाच असतो.

पिण्याचं. ग्लास सगळ्यांच्या हातात येईपर्यंत पहिला घोट घ्यायचा नाही, मग "प्रोस्ट" म्हणजे चिअर्स म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचं, ग्लासकडे नाही. तुम्ही दारू घेत नसाल तर सरळ सांगा आणि आपफेलशोर्ले म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा घ्या, किंवा बिनअल्कोहोलची बिअर जी इथे सगळीकडे मिळते आणि चवीला चांगली असते. कारणं देत बसू नका, कोणी विचारत नाही. बिल आलं की वेटर "त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट" विचारेल, एकत्र की वेगळं, आणि बहुतेक वेळा वेगळं असतं, त्यात कंजूसपणा नाही. तुमचा वाढदिवस असेल तर मात्र बोलावणारे तुम्ही आणि केकही तुमचाच. आणि कोणालाही वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अशुभ मानतात.

उन्हाळ्यात म्युनिककडे कोणी असेल तर बिअरगार्टन म्हणजे झाडांखाली बसून बिअर प्यायची बाग सोडू नका, पैसे कमी लागतात आणि अनोळखी माणसं शेजारी बसतात. चेस्टनटच्या झाडांखाली लांब बाकं असतात. ही झाडं मुळात जमिनीखालची बिअरची तळघरं थंड राहावीत म्हणून लावली, कारण जुन्या नियमाप्रमाणे बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती. १८१२ मध्ये राजाने ब्रुअरीवाल्यांना तिथेच बिअर विकू दिली पण पाव सोडून जेवण विकायला मनाई केली, गावातल्या खाणावळीवाल्यांचा धंदा बुडू नये म्हणून, तेव्हापासून लोक घरून डबा आणतात आणि आजही आणता येतो. म्हणून टेबलक्लॉथ नसलेलं टेबल बघा, ते सेल्फ सर्व्हिसचं, टेबलक्लॉथ असेल तिथे वेटर येतो आणि आपला डबा उघडता येत नाही. पेय तिथलंच घ्यायचं. डब्यात ब्रेत्सेल म्हणजे गाठ मारल्यासारखा खारा पाव, मुळा, ओबात्स्डा म्हणजे मऊ चीज, लोणी, कांदा, पाप्रिका कालवून करतात ते, आणि सोबत थालीपीठं न्या की खुशाल, आम्ही नेली होती, शेजारच्या टेबलवाल्यांनी मुळा देऊन बदल्यात घेतली. जागा नसेल तर "इस्ट हिअर नोख फ्राय?" विचारून दुसऱ्यांच्या बाकावर बसायचं, म्युनिकच्या हिर्शगार्टन नावाच्या बिअरगार्टनमध्ये ८००० माणसं बसतात, तिथे एकटं टेबल शोधण्यात अर्थ नाही. ह्या बसण्याचं लोकांना इतकं वेड की १९९५ मध्ये एका बिअरगार्टनला रात्री साडेनऊला बंद करायचा कोर्टाचा निकाल आला तेव्हा म्युनिकमध्ये वीस हजारांवर लोक रस्त्यावर उतरले. पुढे १९९९ मध्ये बव्हेरियाने खास नियमावलीच केली, संगीत दहापर्यंत, शेवटची ऑर्डर साडेदहापर्यंत, आणि गरीब-श्रीमंत भेद बाजूला ठेवून लोक इथे एकत्र बसतात म्हणून ही जागा जपायची हे कारण सरकारने त्यात लिहून दिलं.

हिवाळ्यात खरी गरज असते. नोव्हेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो, माणूस आतून मिटतो, आणि तेव्हाच आपली दिवाळी जवळपास आलेली असते. फराळाला बोलवा. चकली, चिवडा आणि पणत्या, त्यांना हे लगेच कळतं कारण महिन्याभरात तेही तेच करणार असतात, ॲडव्हेंटच्या म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत नेतात, सोबत घरची बिस्किटं आणि कॉफी. ही पद्धत १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या एका आश्रमात सुरू झाली, तिथली गरीब मुलं ख्रिसमसला किती दिवस राहिले म्हणून सारखी विचारायची तर तिथल्या पाद्र्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावून दिल्या. तुम्ही दिवाळीला बोलावलं असेल तर एखाद्या ॲडव्हेंट रविवारी उलट बोलावणं येईल, ते चुकवू नका.

निघायची वेळ कशी ओळखायची? कोणीतरी मांड्यांवर दोन्ही हात आपटून "झो" म्हणेल. तेवढंच. मग उठायचं, कप-बश्या किचनपर्यंत न्यायच्या, दारात दहा मिनिटं उभं राहून बोलायचं (हे मात्र अगदी आपल्यासारखं) आणि पुढची तारीख तिथेच काढायची. दुसऱ्या दिवशी एक छोटा मेसेज टाका.

आणि आमच्या भागात राहत असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत कोलफार्टला नक्की जा. हुरडा पार्टीसारखंच, थंडीत सगळ्यांनी मिळून शेतांकडे जायचं. मित्र किंवा ऑफिसची टीम हातगाडी ओढत, गळ्यात दोरीने छोटा ग्लास अडकवून, गावाबाहेरच्या रस्त्यांवरून दोन-तीन तास चालते, वाटेत रस्त्यावर चेंडू फेकायचा बोसेल्न नावाचा खेळ चालतो, आणि शेवटी गास्टहाउसमध्ये ग्र्यूनकोल म्हणजे केल ह्या पालेभाजीची भाजी, बटाटे आणि पिंकेल नावाचं सॉसेज. व्हेज हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगावं लागतं कारण भाजीतच मांस शिजवतात. आत पाय शेकत बसलं की तोंडावरचा वारा उतरतो आणि सगळे लालबुंद होऊन हसत असतात. जेवण झालं की कोणालातरी कोलचा राजा किंवा राणी करतात, कधी सगळ्यात जास्त खाल्लं म्हणून, कधी उगाचच, आणि पुढच्या वर्षीची कोलफार्ट त्या माणसाने ठरवायची. नवीन माणसाच्या गळ्यात हा मान मुद्दाम घालतात. तुमच्या गळ्यात पडला तर हो म्हणा, आणि उन्हाळा संपला की लगेच गास्टहाउसला फोन करून शनिवार पकडा, नाताळपर्यंत थांबलात तर चांगले शनिवार गेलेले असतात.